रिया मॅडमचं गाव

२३ ऑगस्ट २०२२

मास्टर्स पाहिजे म्हणे! कोणाला? आमच्या शाखेच्या मॅनेजरांना, भगवंतरावांना. ईमेलला जोडलेला फोटो उघडायला ज्या माणसाला मी लागते, तो आज खुर्चीत रेलून मला सांगतो — "फलक, अमरावतीच्या हापिसात सहायक व्यवस्थापकाची जागा हाय. पन पोस्ट ग्रॅज्युएट पाहिजे. अ‍ॅडमिशनचा कागद दाखव, जागा धरून ठेवतो. डिग्री झाली का पक्की." मग सुपारी कातरत पुढचं — "आन असंतसं विद्यापीठ नको. अमरावतीचे साहेब नावं ठेवतात."

तीन वर्षं या बियाण्याच्या कंपनीत, अकोल्याच्या काउंटरवर बसून मी शिव्या खाल्ल्या. सोयाबीन उगवलं नाही की लोक माझ्याच टेबलावर रिकामी पिशवी आपटतात. यंदा तर पावसानं कित्येकांना दुसऱ्यांदा पेरायला लावलं. तक्रार लिहून घेणारी मी, वावरात जाऊन पाहून येणारी मी, समजूत घालणारीही मीच. भगवंतराव फक्त सही करतात. त्यांच्याकडे मास्टर्स आहे का, हे विचारायचं राहून गेलं.

२४ ऑगस्ट

घरी सांगितलं. अम्मी लगेच बडनेऱ्यावर आली. बडनेऱ्याचं स्थळ — मुलगा रेल्वेत, घर स्वतःचं, अक्कल उसनी. मागे आला होता तेव्हा सगळा वेळ स्वतःच्या मोटरसायकलचं अ‍ॅव्हरेज सांगत होता. आणि मी चहा घेऊन उभी!

अम्मीचा हुकूम सुटला. दसऱ्यापर्यंत अ‍ॅडमिशन आणि अमरावतीची जागा, दोन्ही झालं तर ठीक. नाही तर बडनेऱ्याला होकार. अब्बा गादीला टाके घालत होते. वर न पाहता म्हणाले, "होईल बेटा, होईल." अब्बांचं सगळंच होईल-होईल. आमच्या बाळापुरात यंदा लग्नं कमी, गाद्या कमी, कापसाचं गाठोडं तसंच पडून — तरी यांचं होईल!

हे सगळं मराठीत लिहिते, कारण अम्मीला फक्त उर्दू वाचता येतं. शुक्र है!

२८ ऑगस्ट

नोकरी सोडून कॉलेजात जाऊन बसले तर फी कोण भरणार? म्हणून ऑनलाइन. दिवसभर मोबाइलवर विद्यापीठं पाहिली. सगळीकडे तीच ती बाई — हातात लॅपटॉप, पांढरेशुभ्र दात, मागे हिरवळ. एवढं कशाला हसते? तिला भगवंतराव नाहीत म्हणून.

सगळेच "जागतिक दर्जाचे". यातली काही विद्यापीठं अशा ठिकाणी आहेत की एस.टी.च्या कंडक्टरलाही ते गाव सापडायचं नाही. मग यूजीसीच्या साइटवर जाऊन, ऑनलाइन शिकवायची परवानगी कोणाकोणाला आहे ते शोधलं. फार ओरडणारे दोघं तिथंच गळाले! उरलेल्यांत मला परवडतील असे दोनच. एक मुक्त विद्यापीठ. दुसरं खासगी, चकचकीत, "शंभर टक्के प्लेसमेंट" वालं.

मुक्त विद्यापीठ! आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या पार्बताबाई तिथूनच बी.ए. झाल्या. पोरांना खिचडी वाटता वाटता. त्यांनी करावं, चांगलंच आहे. पण मीही तेच करायचं? अमरावतीचे साहेब काय म्हणतील?

चकचकीतवाल्यांचा फॉर्म भरला. त्यात पालकांचा नंबर मागितला. सत्तावीस वर्षांच्या बाईला पालक! अब्बांच्या दुकानाचा देऊन टाकला.

२९ ऑगस्ट

चूक केली. दिवसभर दुकानात फोन.

१ सप्टेंबर

आज स्वतःच्या कानांनी ऐकलं. बसमधून उतरून दुकानात गेले तर अब्बांनी कापूस पिंजायची मशीन बंद ठेवलेली, फोन स्पीकरवर. एक बाई चिवचिवत होती — "हॅलो सर, मैं रिया बोल रही हूँ, बेंगलुरु से! आपकी डॉटर के लिए सिर्फ दो सीटें बची हैं!" ऑनलाइनला सीट कशी संपते? खुर्च्या मोडल्या का यांच्या?

तिचं सगळं पाठ केलेलं. मध्ये श्वाससुद्धा ठरलेल्या जागी. अब्बांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अच्छा, अच्छा. बेटा, कोन्या गावची वं तू?"

झालं! अब्बांना गाव कळल्याशिवाय कोणाशी बोलताच येत नाही. गिऱ्हाईक, डॉक्टर, वीजबिलवाला, कोणीही असो. बँकेच्या फोनवर ती रेकॉर्ड केलेली बाई बोलते ना, तिलाही एकदा विचारलं होतं. मी लाजेनं मान खाली घातली.

"सर, बेंगलुरु."

"ते हापिस झालं. गाव कोनतं?"

फोन कट. मी पोट धरून हसले. अब्बा म्हणाले, "लाजली असंल पोरगी."

५ सप्टेंबर

रियाबाई रोज हजर. मला फोन केला की "मॅम, करिअर की सोचिए", अब्बांना केला की "सर, बेटी की सोचिए". आज अब्बा रात्री जेवताना मोठ्या आनंदात होते. म्हणे तिचा आवाज बसला होता, यांनी आल्याचा चहा घे म्हटलं, तर ती एकदम म्हणाली, "काका, डोकं लय दुखून राह्यलं." बेंगलुरूची रिया! अब्बांना जसा काही हरवलेला नातेवाईकच सापडला.

८ सप्टेंबर

गाव कळलं. वलगाव, अमरावतीजवळचं! नाव गुलफाम. बसते पुण्यात, विद्यापीठासाठी फोन करणाऱ्या एका कंपनीच्या बंद हॉलमध्ये, ओळीनं लावलेल्या खुर्च्यांवर. अब्बांना सांगितलं तिनं — "काका, इथं जे पोरगी या खुर्चीवर बसते ते रिया. माह्या आधीची बी रियाच होती." तिच्या वडिलांचं वलगावला थोडं वावर आहे. घर तिच्याच पगारावर चालतं.

अम्मीचे डोळे पाणावले. माझे नाही. नाव खोटं, शहर खोटं, उरलेल्या दोन सीटा खोट्या — आणि गाव तेवढं खरं? उद्या सांगेल, मी तुमच्या चुलत मावशीची नात. अब्बांसारखे भोळे आहेत म्हणून यांची दुकानं चालतात.

१० सप्टेंबर

पेपरात आलं! मान्यता असलेल्या विद्यापीठाची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानायची, यूजीसीनं सांगितलं. कात्रण पर्समध्ये ठेवलं. आता बोला म्हणावं, भगवंतराव!

भगवंतराव बोलले. "पेपरात तं काहीबी येते."

१३ सप्टेंबर

रजा टाकून अमरावतीला गेले. ठरवलं होतं, याला-त्याला विचारण्यापेक्षा नोकरी देणाऱ्यालाच विचारायचं. मोठ्या साहेबांची केबिन इतकी थंड की मला शिंका यायला लागल्या. त्यांनी कात्रण चिमटीत धरलं, जसं झुरळ धरावं.

"कागदावर सारखीच आहे हो. पण आम्हाला नामांकित विद्यापीठ लागतं."

"नामांकित म्हणजे कोणतं, सर?"

"म्हणजे... ज्याचं नाव आपण ऐकलेलं असतं."

वा! यांच्या कानांवर माझं नशीब! कान कधी साफ करतात कोण जाणे. मी उठले नाही. पुन्हा विचारलं, मुक्त विद्यापीठ चालेल का? तर म्हणाले, "ते सरकारी आहे, त्याला कोण नाही म्हणणार? चालेल." आणि खासगी? "खासगी असेल तर आम्ही पाहतो, त्यांची मुलं कुठे लागली." 'चालेल' असं म्हणाले, जशी घरच्यांना शिळी पोळी चालते. मला चालायचं नव्हतं, मला शोभायचं होतं.

पण एक बरं झालं. मुलं कुठे लागली — हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

१४ सप्टेंबर

रियाला विचारलं. सरळ. "शंभर टक्के म्हणता ना? या डिग्रीवर नोकरी लागलेली एक मुलगी दाखवा. एकच."

चिवचिव बंद. मग, "पाठवते, मॅम." पाठवलं काही नाही. दात घशात गेले!

१७ सप्टेंबर

भांडण. मोठं.

आज गुलफामनं अब्बांना तिच्या स्वतःच्या मोबाइलवरून फोन केला. म्हणे, "काका, फलकआपाले सांगजा, हे नोका घेऊ. मुक्तचं घ्या. पन मी सांगतलं म्हनून कोनाले बोलू नोका." का नको? ते नाही सांगत! "ते मले नोका विचारू."

मला तर उघड दिसतं. दुसऱ्या कुठल्या कंपनीनं फोडली असेल. नाही तर जळते — वलगावची तीही, बाळापूरची मीही, आणि अमरावतीच्या केबिनमध्ये बसणार मी. अब्बा ऐकायलाच तयार नाहीत. "पोरगी आपली समजून सांगून राहिली."

"आपली? कुठून आपली? ना पाहिली ना भेटली! गावं विचारत बसलात जन्मभर, काय मिळालं?"

अब्बा चिडत नाहीत, त्याचाच मला जास्त संताप येतो. मशीनचा पट्टा चढवत म्हणाले, "खोटंच बोलाचं असतं फलक, तं ते बेंगलुरूचीच राह्यली असती."

जेवले नाही. अम्मीनं ताट झाकून ठेवलं आणि बडनेऱ्याचा विषय काढला. काय वेळ साधते ही बाई!

१८ सप्टेंबर

रियाच्या त्या फोनवाल्या कंपनीच्या हेड ऑफिसला फोन लावला. सीनियर म्हणून एक माणूस आला, तुपात घोळलेला आवाज. मी सगळं सांगितलं — तुमची रिया गिऱ्हाईकाला अ‍ॅडमिशन घेऊ नका म्हणते. कोणती रिया? आमच्याकडे बऱ्याच आहेत, मॅम. म्हटलं, गुलफाम. वलगावची.

"थँक यू सो मच, मॅम." वर फीमध्ये सवलत देतो म्हणाला. असं पाहिजे! ज्याचं मीठ खायचं त्याच्याच दुकानासमोर उभं राहून गिऱ्हाईक परतवायचं — अशा लोकांना कोणी तरी एकदा जागेवर आणायलाच हवं. लिहितानासुद्धा बरं वाटतंय.

अब्बांना सांगितलं नाही. उगाच चेहरा पाडून बसतील.

२० सप्टेंबर

सवलतीचा मेसेज आला. उद्या भरते.

२१ सप्टेंबर

भरायच्या आधी सीनियरला म्हटलं, ती नोकरी लागलेली मुलगी राहिली. "ऑफ कोर्स, मॅम!" लगेच व्हिडिओ पाठवला. मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत पाहिला. डब्यातली भाजी तोंडात.

काळा कोट घातलेली मुलगी, कोट तिच्या मापाचा नाही. खांद्यावरून उतरतोय. हसते आहे, दात पांढरे, मागे हिरवळ. खाली अक्षरं सरकली — गुलफाम शेख, वलगाव, जि. अमरावती. आमच्या एम.बी.ए.ची यशस्वी विद्यार्थिनी. मग नोकरी देणाऱ्या कंपनीचं नाव आणि हुद्दा: प्रवेश सल्लागार.

कंपनी तीच. जिचा रोज फोन येतो.

पुन्हा लावला. पुन्हा तेच. म्हणजे हा एम.बी.ए. तिनंही केला, पैसे भरून, अशाच कोणत्या तरी रियाचं ऐकून. आणि त्या कागदावर तिला नोकरी दिली ती फक्त कागद विकणाऱ्यांनी. तोच कागद पुढे विकायला. मी एक नाव मागत होते. ती स्वतःचंच कसं सांगणार होती?

डबा तसाच बंद केला. भगवंतराव विचारत होते, "काऊन वं, तब्येत बरी हाय ना?" त्यांना पहिल्यांदाच नीट उत्तर दिलं.

२२ सप्टेंबर

मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरला. पार्बताबाईंनीच शेजारी बसून भरून घेतला, कुठे काय जोडायचं ते सांगितलं. कागद भगवंतरावांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी अमरावतीला फोन लावला. "चालेल" आलं. अम्मीनं बडनेऱ्याला नकाराचा निरोप धाडला. जे हवं होतं ते झालं, तर आता हसू का येत नाही मला?

दुकानात जाऊन अब्बांना सगळं सांगितलं. व्हिडिओ दाखवला. आणि अठरा तारखेचा फोनही सांगितला. मी म्हटलं, रागवा ना अब्बा, काही तरी बोला! त्यांनी गुलफामचा नंबर लावला. बंद. संध्याकाळीही बंद.

२४ सप्टेंबर

बंद.

२६ सप्टेंबर

दुकानात होते. फोन वाजला, अब्बांनी घाईघाईनं स्पीकरवर टाकला.

"हॅलो सर, मैं रिया बोल रही हूँ, बेंगलुरु से!"

आवाज दुसरा. नवीन, घाबरलेला, श्वास चुकीच्या जागी घेणारा.

अब्बांनी गाव विचारलं नाही.