मधल्या खोलीतलं झाड

एकोडी, १७ ऑगस्ट २०२५

चि. प्रतिक्षास,
आजी मंगलाबाईचे अ. आ. व जय भीम.

तुमच्या पोलीस ट्रेनिंगात फोन जमा करून ठेवतात म्हून पत्र लिहून राहिली. मी शाळा दुसरीपर्यंतच पाहिली, काना-मात्रा चुकला तं पकडून नेऊ नको. माही नात पोलीस होऊन राहिली हे सांगाले मी बजारात दोन-दोन चकरा मारतो. तुही माय म्हणते, एका मेथीच्या जुडीसाठी कोणी दोनदा जाते का.

धानाचा रोवणा आटोपला. यंदा बांधीत पाणी असं उभं हाय का पाहूनच पोट भरते. तुहं ते चट्ट्यापट्ट्याच्या पानाचं झाड मधल्या खोलीतच हाय, तू अभ्यासाले बसे तिथं. त्याले ऊन नको, खिडकीचा उजेड पुरते, असं तू सांगून गेली. मले वाटलं, बिचाऱ्याले ऊन नाई तं निदान पाणी तं पोटभर पाहिजे. म्हून कुंडी घमेल्यात ठेवली आन बांधीसारखं पाणी उभं केलं. सकाळी भाताची पेजही देतो. तुले तिथं पेज कोण देत असन? दोन पानं पिवळी पडली, पिकली असतीन.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुही आजी


प्रशिक्षण केंद्र, अकोला, २६ ऑगस्ट

ती. आजीस,
सविनय जय भीम. वि. वि.

तुझं पत्र बराकीत सगळ्यांना वाचून दाखवलं. शेजारच्या खाटेवरची कामिनी म्हणते, अशी आजी असेल तर पेज मलाही चालेल.

पण आजी, ते घमेलं आजच काढ. तो धान नाही ग. ऊन नसलेल्या खोलीत पाणी सुकत नाही, मुळं गुदमरतात. माती बोटभर खोल कोरडी झाली की मगच थोडंसं घाल. पेज तर अजिबात नको. भरतीत दोनदा नापास झाले तेव्हा मी त्या झाडाजवळच बसून रडले होते, तुम्हा कुणासमोर रडायची लाज वाटायची. म्हणून जीव अडकलाय.

दुसरी गोष्ट आनंदाची. १२ ऑक्टोबरला आमची दीक्षांत परेड आहे. घरच्या दोघांनाच पास मिळतो. तेव्हा लवकर पिकणारा हलका धान कापणीला येईल, बाबांना जमणार नाही. म्हणून आईचं आणि तुझं नाव दिलंय. तू समोर बसलेली दिसली पाहिजेस.

तुझी प्रतिक्षा


एकोडी, १५ सप्टेंबर

चि. प्रतिक्षास, अ. आ.

परेडीचं वाचलं आन त्या दिवशी भात गोड लागला. पण मी नाई येत. गुडघे दुखते, गाडीत गर्दी रायते, कोंबड्या कोण पाहीन. माह्या जागी दुसऱ्या कोणाले ने.

तुही माय म्हणते, गुडघ्याचं नाव कायले पुढं करता, खरं काय ते लिहा. तं लिहितो. तुहं पत्र आल्याबरोबर घमेलं काढलं. झाडाले हात लावला तं ते बुडातूनच कलंडलं. मुळं गिळगिळीत, वास सुटलेला. जन्मभर चिखलात पाय ठेवून धान लावला, पाणी कोणाले मारते हे माह्या डोक्यातच नाई आलं. तू ज्याच्याजवळ रडली त्याले मीच बुडवलं. आता परेडीच्या खुर्चीवर कोणत्या तोंडानं बसू?

जेवण गोड लागत नाई. लोभ कमी केला तरी मी बोल लावणार नाई.
आजी


अकोला, २२ सप्टेंबर

ती. आजीस, जय भीम.

राग आला नाही असं खोटं लिहीत नाही. दिवसभर मैदानावर तोंड फुगवून होते. कामिनीनं विचारलं, घरी कुणी गेलं का. तिला झाड म्हणून सांगायची लाज वाटली.

रात्री आठवलं. भरतीच्या धावपळीत मी स्वतःच त्याला महिनाभर विसरले होते. पानं कागदासारखी झाली होती. तेव्हा तू मला एका शब्दानं बोलली नाहीस, मुकाट्यानं पाणी घालून जगवलंस. मी विसरून वाळवलं, तू आठवण ठेवून सडवलंस. मग तुला कोणत्या तोंडानं बोलू?

शेंडा अजून टणक असेल तर खालचा सडका भाग कापून टाक आणि शेंडा ग्लासभर स्वच्छ पाण्यात ठेव. पासवरचं नाव आता बदलत नाही. तू आली नाहीस तर खुर्ची रिकामी राहील, माझी नजर तिकडेच जाईल आणि पाय चुकतील.

तुझीच, प्रतिक्षा


एकोडी, ३ ऑक्टोबर

चि. प्रतिक्षास, अ. आ.

सडका भाग कापला, शेंडा ग्लासात ठेवला. दोन पानं उरली. बुडाशी पांढरं टोक दिसते, मूळ हाय का माह्या डोळ्याचा भास, सांगता येत नाई. जगलं असं अजून म्हणत नाई. मनातलं अजून टोचते.

पण येतो. पांढरं लुगडं धुऊन ठेवलं. गुडघे खरंच दुखते, ते काही खोटं नोतं. तुह्या बापाले बजावलं, ग्लासाले हात लावाचा नाई, नुसतं पाहाचं. तो म्हणे, माय, मले पाहाले तरी फुरसत कोठे हाय. आयकून बरं वाटलं. दोन-तीन दिवस मी घरी नाई, झाडाले तेवढाच आराम.

भेटीपर्यंत माया राखून ठेव.
तुही आजी मंगलाबाई