बांधापलीकडचा गडी

१५ ऑगस्ट, शुक्रवार

माझ्याच पोरीनं झेंडा वर केला!

एकतीस वर्षं झाली, आमच्या नवजीवन क्लबला चौक गावचा फुटबॉल चषक मिळालेला नाही. शेवटचा जिंकलो तेव्हा मी स्वतः उजव्या विंगला होतो. पोट नव्हतं, केस होते. आज पुन्हा फायनल, समोर कर्जत इलेव्हन, एक-एक बरोबरी, शेवटची चार मिनिटं आणि वरून पाऊस. आमच्या गजाचा फटका आडव्या दांडीला लागून त्याच्याकडेच परत आला. त्यानं तसाच आत ढकलला. गोलासमोर ऋतिक उभाच होता. पाय लावला — गोल!

मी नाचलो. छप्पन्न वर्षांचा माणूस बांधावर नाचला. मग शेजारचे गप्प का झाले म्हणून बघतो तर पलीकडच्या रेषेवर मेघा, हातातला झेंडा सरळ वर, चेहरा दगडाचा.

ऑफसाइड! पास निघतो तेव्हा तुमच्या आणि गोलरेषेच्या मध्ये समोरचे दोन गडी पाहिजेत, गोली धरून. गावातल्या निम्म्या पोरांना मीच हे समजावलंय. इथं गोली एकटा. कर्जतचा बॅक रिझवान धावत मागे येताना घसरला तो गोलरेषा आणि बांध ओलांडून थेट भाताच्या खाचरात. मीच त्याला हात देऊन वर ओढत होतो. तो बाद. म्हणजे उरला गोली. मी मोजलं, बोटांवर पुन्हा मोजलं.

म्हणजे ती बरोबरच होती. पण बरोबर असायची आजच गरज होती?

पेनल्टीवर हरलो. ऋतिक चिखलात बसून रडला. क्लबचा सेक्रेटरी नरेश, चाळीस वर्षांपासूनचा माझा दोस्त, माझ्याजवळून गेला आणि थांबला नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार

मेघाशी बोललो नाही. तीही बोलली नाही. बायको पौर्णिमा दोघांच्या मध्ये भाकऱ्या थापत राहिली.

दूध आणायला नाक्यावर गेलो. नरेशच्या गॅरेजवरची पोरं मला बघून झेंड्यासारखा एक हात वर करून उभी राहिली. हसावं की मारावं, कळेना. दूध न घेताच परत आलो.

मुळात तिला लाइनवर उभं केलं ते नरेशनंच! जिल्ह्याकडून यायचा लाइन्समन पावसात अडकला. मेघा रेफ्रीची परीक्षा पास, शिवाय समोर हजर. कर्जतवाले म्हणाले, चालेल, ती सरळ आहे. नरेश माझ्याकडे बघून डोळा मारत म्हणाला, घरचीच हाय. दोघांनाही ती चालली, आणि दोघांची कारणं वेगळी होती.

१७ ऑगस्ट, रविवार

विहारात वर्षावासाच्या वाचनाला गेलो. तिथंही तोच विषय. मागच्या रांगेत कुणीतरी कुजबुजलं, बापानं शिकवली आन बापालाच बुडवलं. उठून आलो.

ज्याच्यावर जीव टाकावा तोच तोंडघशी पाडतो. हे मला आधी फुटबॉलनं शिकवलं, माणसांनी नंतर.

झिदानसारखा मी दुसरा पाहिला नाही. बॉल पायात आला की त्याच्याभोवती सगळं हळू व्हायचं. बाकीचे पळायचे, हा विचार करायचा. आणि त्यानं काय केलं? आयुष्यातल्या शेवटच्या सामन्यात, वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये, समोरच्याच्या छातीवर डोकं हाणलं. लाल कार्ड. कपाच्या शेजारून खाली मान घालून आत गेला. मी टीव्ही बंद केला होता. पुढचं बघवेना.

बाजिओचं वेगळं. इटलीला तो एकटा फायनलपर्यंत ओढत घेऊन आला आणि पेनल्टी दांडीवरून मारली. लोक त्याला शिव्या देतात, मी कधीच दिली नाही. तो चुकला. चुकणं आणि दगा देणं एक नाही.

मॅराडोना तर माझं दैवत. शहाऐंशी साली रसायनीच्या कॉलनीत क्लबातल्या टीव्हीसमोर, खिडकीच्या गजाला लोंबकळून पाहिलेला. हातानं मारलेल्या त्या गोलावर आजवर मी शंभर भांडणं केली असतील. माझं म्हणणं एकच — जिंकला ना! आणि चारच मिनिटांनी अर्ध्या मैदानातून एकट्यानं बॉल काढत त्यानं जो दुसरा मारला, तो बघितल्यावर पहिला कुणी लक्षात ठेवायचा?

मेघा दहा वर्षांची असताना तिला ती मॅच सीडीवर दाखवली. मोठ्या हौसेनं. तिनं तो गोल तीनदा मागे घेऊन बघितला आणि म्हणाली, पप्पा, ह्यानं हात लावला. मी म्हटलं, त्याला चालतं. ती उठून आत गेली. दुसरा गोल बघितलाच नाही तिनं! तेव्हाच ओळखायला हवं होतं. तीन वर्षांपूर्वीची मेस्सीची फायनल आम्ही दोघांनी एकत्र पाहिली. मी मेस्सी बघत होतो, ही लाइन्समन बघत होती.

आणि कोंडीराम. त्याचं नाव कुठल्या पेपरात आलं नाही, पण माझ्या डोळ्यांनी पाहिलेल्यांत तो पहिल्या तिघांत. ठाकुरवाडीचा. रेल्वेनं कर्जतला उतरायचा, तिथून मिळेल त्या ट्रकनं चौकला. आमच्याकडून अनवाणी खेळायचा. बॉल त्याचा पाय सोडायचाच नाही. आम्ही त्याच्यासाठी भाकरी बांधून आणायचो. अठ्ठ्याऐंशीच्या फायनलला तो उतरला रसायनीच्या कंपनीच्या टीमकडून! नोकरी लागली होती. आमच्यावर दोन गोल मारले आणि एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. मागच्या वर्षी हायवेच्या ढाब्यावर दिसला, म्हातारा झालाय. त्यानं हात केला. मी तोंड फिरवलं.

सदतीस वर्षं राग धरलाय मी. मेघावर किती वर्षं धरावा लागेल?

१८ ऑगस्ट, सोमवार

पाऊस. नुसता पाऊस.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पाताळगंगा नदी रस्त्याला लागायची बाकी आहे, तरी नरेश छत्री घेऊन घरी आला. मेघा कामावर गेली होती. ती नाही हे बघूनच आला असणार. चार दिवसांनी तोंड दाखवलं आणि आल्याआल्या मोबाइल पुढे केला. फुटबॉलच्या नियमांचं पुस्तक, नियम अकरा. इंग्रजीत. दोनदा वाचलं. मग पौर्णिमाचा चष्मा लावून तिसऱ्यांदा.

बचाव करणारा गडी रेफ्रीला न विचारता गोलरेषेबाहेर गेला असेल, तर ऑफसाइडसाठी तो गोलरेषेवरच आहे असं धरायचं.

म्हणजे खाचरात पडलेला रिझवान धरायचा! गोली एक, रिझवान दोन. ऋतिक ऑफसाइड नव्हताच. गोल खरा होता!

मी नरेशला मिठी मारली. खरंच मारली. एकतीस वर्षं! त्यानं सांगितलं की नजरेची चूक असेल तर तक्रार चालत नाही, पण नियमाची असेल तर मॅच पुन्हा होऊ शकते. फक्त पास निघाला तेव्हा रिझवान बाहेर होता, हे सांगणारा माणूस पाहिजे. सगळ्यांच्या व्हिडिओत तिथं छत्र्याच छत्र्या. रिझवान काय स्वतःच्या टीमविरुद्ध बोलणार नाही.

"तू त्याचा हात धरलेला व्हतास," नरेश म्हणाला. "तुझ्याबिगर कोनी नाय रं, मिल्या. रईवारी जिल्ह्याची कमिटी बसतेय, त्याच्या आत लिवून दे."

लिहून देतो म्हणालो. चहा झाला. तो गेल्यावर पौर्णिमानं कपबशा उचलता उचलता विचारलं, मग मेघाच्या पुण्याच्या परीक्षेचं काय?

पुढच्या महिन्यात राज्य पातळीच्या रेफ्रींची परीक्षा. जिल्ह्यातून चार नावं जायची, त्यात एक हिचं. यादीवर सही ह्याच कमिटीची.

२० ऑगस्ट, बुधवार

आज बोललो. बोलायला नको होतं.

जेवताना तिच्यापुढे नियम ठेवला. तिनं वाचला नाही. तिला पाठ होता, ते चेहऱ्यावरच दिसलं. मग मला असं काही चढलं की विचारू नका. म्हणजे नियम माहीत होता! आणि तरी झेंडा वर? मला वाटत होतं पोरगी खऱ्यासाठी घराविरुद्ध गेली. मनातल्या मनात, कुणाला सांगणार नाही, पण थोडा अभिमानही होता. आता तोही गेला.

तिनं एकच विचारलं. "पास निघाला तेव्हा रिझवान कुठं होता?"

"त्याचा हात माझ्या हातात होता."

"म्हणजे बाहेरच."

"बाहेरच. तुला दिसला नाही?"

"दिसला होता," ती म्हणाली.

दिसला होता! तेव्हा मी म्हणालो ते इथं लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मला ते सौम्य करून आठवता येणार नाही. म्हणालो, "दिसूनही मोजता येत नाही, तर झेंडा धरलास कशाला? बापाचं नाक कापलंस ते कापलंस, तेही चुकीचं."

तिनं ताटातली भाकरी संपवली, ताट घासलं, हात पुसले.

२१ ऑगस्ट, गुरुवार

कागद पुढ्यात आहे. नरेशनंच टाइप करून पाठवलाय. मी फक्त सही करायची.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

सही केली नाही.

सकाळी पेन घेऊन बसलो. खरं तेच लिहिलंय, एक शब्द इकडचा तिकडे नाही. आणि हाताच्या गोलाची एकोणचाळीस वर्षं वकिली करणाऱ्या मला खऱ्या गोलावर सही करवेना. सारखी मेघा डोळ्यांपुढे येत होती. पहाटे पाच वाजता, अंगणात चिखल, शेजारची पोरं खिडकीतून हसताहेत आणि ही तोंडानं शिट्टी मारत उलटी पळतेय. रेफ्रीला उलटं पळता यावं लागतं म्हणे. दोनदा पडली होती. मी हसलो होतो तेव्हा.

गॅरेजवर गेलो. नरेश गाडीखाली होता, बाहेर आला. मी सांगितलं, मला नीट आठवत नाही. रिझवान तोवर आत आला असेल.

त्यानं फडक्यानं बोटं पुसली. एकेक बोट. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"चाळीस वर्सं एका बाकड्यावर बसलो आपुन," तो म्हणाला. "तू बी कोंडीरामच निघालास."

घरी येईपर्यंत ते कानात होतं. मला आजवर कुणी इतकं वाईट बोललेलं नाही, आणि त्यानं खोटंही सांगितलं नव्हतं. क्लब गेला, नरेश गेला. पोरीला काही सांगितलं नाही. तिच्यासाठी केलं म्हणावं तर तिच्यावरचा रागही अजून गेलेला नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

नाक्यावर गेलो नाही. घरातच पेपर वाचला, तोच तोच. मेघा दिवसभर खोलीत काहीतरी लिहीत होती. अभ्यास असेल. विचारलं नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

फायनल पुन्हा होणार!

कमिटीत मेघा स्वतः गेली. रिझवान बाहेर पडलेला मला दिसला होता, मी मोजला नाही, चूक माझी, असं लिहून दिलं. पुण्याच्या यादीतून तिचं नाव काढलं. परीक्षा पास होऊन एवढं साधं कसं चुकलं, असं सगळ्यांदेखत विचारलं तिला. म्हणाली, अभ्यास कमी पडला.

हे सगळं नरेशनं फोनवर सांगितलं; माझ्या सहीविना पडलेल्या कागदाचा विषयही तिच्यासमोरच निघाला म्हणे. मी पौर्णिमाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, सूप खाली ठेवलं तिनं.

"अभ्यास कमी पडला? तिला तर तुमीच शिकवलंत. सात वर्षांची होती, ह्याच ओट्यावर वाट्या मांडल्या होत्या. कबड्डीसारखंच असतं, रेषेबाहेर गेला तो गडी मेला, मेलेला मोजायचा नाय — घोकून घेतलं होतंत तिच्याकडून."

घोकून घेतलं होतं. पंधरा ऑगस्टला बांधावर उभं राहून मीही तसंच मोजलं होतं.

मेघा संध्याकाळी आली. मी विचारलं. म्हणाली, परीक्षेत बरोबर लिहिलं होतं, पप्पा, मैदानात तुमचंच आठवलं.

"मग कमिटीत माझं नाव का नाही सांगितलंस?"

तिनं चपला काढल्या, कोपऱ्यात नीट लावल्या.

"तुम्ही तरी कुठं सही केलीत?"