सिस्टरांच्या जेवणघरातली आठवी

१३ फेब्रुवारी ७८, सोम.

सातवीच्या पहिल्या तासाला आजही निम्मी बाकं रिकामी. पोरी सकाळी आईनं वळलेल्या बिड्या कारखान्यात द्यायला जातात आणि तिथून पळत शाळेत येतात. बोटांना तंबाखूचा वास. लक्ष्मी हजेरी संपता संपता दारात. "बाई, लाईन लई मोठी होती." बस म्हटलं. उशिरा येऊन गणित मात्र सगळ्यांच्या आधी सोडवून मोकळी.

आमची शाळा सातवीपर्यंतच. पुढं काय करणार, विचारलं. "घरीच की, बाई." इतकं सहज म्हणाली की मला राग आला. तिचा नाही. कुणाचा, ते सांगता येत नाही.

१६ फेब्रु., गुरु.

सिस्टर ब्रिजितांना ऑफिसात गाठलं. म्हटलं, मुख्याध्यापिका तुम्ही, आठवीचं काहीतरी करा. त्या हसल्या. अर्ज दिवाळीनंतरच गेलाय म्हणे, आता तपासणी व्हायची. मग मला का नाही सांगितलं? "तुम्ही रोज येऊन विचारलं असतं, बाई." ते खरं आहे.

सरकारी अनुदानासकट मंजुरी मिळाली तरच आठवी निघणार. नाहीतर फी घ्यावी लागेल, आणि फी देणाऱ्यांच्या पोरींना शहरात शाळा भरपूर आहेत. तशी आठवी काढायचीच नाही, असं सि.चं ठाम मत.

जेवताना यांना सांगितलं. हे मिलमधून वैतागून आलेले. "सरकारनं मिशनच्या शाळेला पैसा द्यायचाच कशाला?" म्हटलं, सरकार माझा पगार देतं, आणि त्याचीच भाकरी तुमच्या ताटात आहे. यांनी दुसरी भाकरी मागून घेतली.

४ मार्च, शनि.

अर्धी शाळा. सि. आणि मी शहराच्या पूर्वभागात, विणकरांच्या वस्तीत गेलो, पालकांना तपासणीच्या दिवशी बोलवायला. पहिल्याच गल्लीत सिस्टरांचा पांढरा झगा आणि हातातली पिशवी दिसली मात्र, धाडधाड दारं लागली. ऑपरेशनला धरून नेणारी दवाखान्याची बाई समजले! दोन वर्षांपूर्वीची नसबंदीची धास्ती अजून गेलेली नाही. शेवटी लक्ष्मी धावत आली आणि तेलुगूत काहीतरी ओरडली, तेव्हा दारं उघडली. मग चहा, घरोघरी. नाही म्हणायची सोय नाही.

लक्ष्मीचे वडील नरसय्या. यंत्रमाग बंद करून बाहेर आले, केसांत सुताची पिंज. "सिस्टर, पोरगी थोर झाली. हायस्कूलला न्हाई पाटवणार, तितं पोरं असत्यात. तुमच्या हितं आटवी असती तर पाटवली असती. तुमच्यावर इस्वास हाय."

शेजारची म्हातारी मध्येच म्हणाली, ह्या धर्म बदलायला लावतात. मी म्हटलं, आजी, मी बौद्ध, सहा वर्षं यांच्याकडं शिकवते. दसऱ्याला, आमच्या धम्मदीक्षेच्या दिवशी, सुट्टी असतेच, पण मी दुसऱ्या दिवशीचीही रजा मागते आणि सिस्टर नाक मुरडून देतात. सि. म्हणाल्या, "नाक मी मुरडत नाही." म्हातारी हसली, तंबाखूनं काळे झालेले दात.

२१ मार्च, मंगळ.

तपासणी झाली.

काल सि.ना सुचवलं होतं की रिकाम्या बाकांवर शेजारच्या शाळेतून पाच-सहा मुली बसवू, सगळेच बसवतात. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की पुढचं वाक्य गिळलं. आज पहिला तासभर रिकामी बाकं पुन्हा पुन्हा मोजली. शिक्षण खात्याचे साहेब अकराला आले आणि तोवर पोरी एकेक करत आल्या. आया लवकर उठून स्वतः बिड्या द्यायला कारखान्यात गेल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

साहेब बारीक, चष्मा, सतत घाम पुसणारे. विचारलं, धर्माचं शिक्षण कुणाला देता? सि. म्हणाल्या, ख्रिस्ती मुली आमच्याकडे बसतात, बाकीच्यांना या बाई नीतिपाठ देतात. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "काय शिकवता?" म्हटलं, खोटं बोलू नये. कालची आठवण येऊन कान तापले.

मग खरा प्रश्न. "आठवी बसवणार कुठं? वर्ग दाखवा." वर्ग नाहीच. मला वाटलं, संपलं. सि.नी कमरेची किल्ली काढली, साहेबांना अंगणापलीकडं कॉन्व्हेंटमध्ये नेलं आणि स्वतःचं जेवणघर उघडलं. लांब टेबल, सुक्या मासळीचा नि व्हिनेगरचा वास, भिंतीवर क्रूस.

"इथं."

"आणि तुम्ही जेवणार कुठं?"

"स्वयंपाकघरात. तिथं ऊनऊन मिळतं, साहेब."

साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. काय ते दिसलं नाही. मला मात्र त्या वासातच रडू आलं आणि मी टेबलाची लांबी मोजायच्या निमित्तानं वाकले.

१७ एप्रिल, सोम.

परीक्षा संपली. लक्ष्मीनं पेपर चांगले लिहिलेत. बाहेर पडताना मैत्रीण सांगत होती, लक्ष्मीला भिवंडीचं स्थळ आलंय. येत्या रविवारी बघायला येणार.

तेरा वर्षांची आहे हो ती.

२३ एप्रिल, रवि.

राहवलं नाही. यांची सायकल घेतली (हे पाळीला गेलेले असते तर बरं झालं असतं, घरी होते, भांडण झालं) आणि संध्याकाळी लक्ष्मीकडं गेले. पाहुणे जाऊन घटकाभर झाली होती. घरात सुतक पडल्यासारखं.

आईनं सांगितलं ते असं. यांच्यात मुलगी बघताना नाव-गाव विचारून झालं की पुढ्यात सूप ठेवतात. पानं, तंबाखू, दोरा, कात्री. पोरगी बिडी कशी वळते ते बघायचं, कारण तेच सासरी कामाला येणार. लक्ष्मीचा हात गल्लीत सगळ्यांत चलाख. पण आज वळलेली एकही बिडी टिकली नाही. होणाऱ्या सासूनं उचलली की सुटायची. परत उचलली, परत सुटली. तंबाखू तिच्या इरकलीवर सांडला. "हात कापतोय म्हनली, बाई." आईच्या डोळ्यांत पाणी.

नरसय्या भडकलेले. "कारखान्यात हिची एक बिडी कदी काडून टाकली न्हाई चेकरनं! आनी आजच?"

लक्ष्मी कोपऱ्यात. तिनं माझ्याकडं बघितलं, मी छताकडं. तिच्याकडं बघितलं असतं तर हसले असते आणि सगळंच नासलं असतं. हसू आलं आणि भीतीही वाटली. हे मी शिकवलेलं नाही. शिकवायचं धाडस मला झालं नसतं.

निघताना नरसय्या दारापर्यंत आले. राग ओसरला होता. "शाळा उघडंस्तवर थांबतो, बाई. आटवी निगाली तर बगू. न्हाई निगाली तर दुसरं स्थळ हाय."

९ मे, मंगळ.

ऊन असं की डांबर चपलेला चिकटतं. सि. आणि मी शिक्षण खात्याच्या कचेरीत. साहेब दौऱ्यावर. टेबलावरचा कारकून म्हणाला, "मिशनला काय कमी आहे हो, सिस्टर? परदेशातनं येतंय की." मी तोंड उघडणार तोच सि. म्हणाल्या, "भाऊ, परदेशातून आलेला पैसा मागे घेता येतो. तुमच्या पैशानं शाळा चालते म्हणून दार सगळ्यांना उघडं ठेवावं लागतं. मला ते आवडतं." कारकुनानं पाणी मागवलं. मंजुरीचा आदेश मात्र नाही.

एस्टी स्टँडसमोर रसवंतीत बसलो. सि.नी विचारलं, तुम्ही एवढ्या का पेटलाय? सांगितलं. वैरागला सातवी झाल्यावर मला घरी बसवलं होतं, दोन वर्षं. शाळेची घंटा घरात ऐकू यायची. मामा आले आणि बार्शीला घेऊन गेले म्हणून मी आज बाई आहे. हिला तसा मामा नाही. सि.नी स्वतःचा उरलेला रस माझ्या ग्लासात ओतला.

१० जून, शनि.

परवा शाळा उघडणार. आदेश आलेला नाही. साहेब भेटले, म्हणाले वरती पाठवलंय, मत चांगलं दिलंय, पण सही व्हायची आहे. कधी? ते नाही सांगता येत.

सि. म्हणाल्या, सोमवारी आठवी भरवायची. सही आली नाही तर? "तर दिवाळीत बघू. पोरी तोवर दिवाळीपर्यंतचं शिकलेल्या असतील." आम्ही दोघी नि स्वयंपाकीणबाई मिळून टेबल ओढत बाहेर काढलं. दारात अडकलं. तिघी घामाघूम, सि.चा क्रूस गळ्यात उलटा झालेला. भिंतीला फळा नुसता टेकवून ठेवला. वास मात्र गेला नाही, फिनेल टाकलं तरी.

घरी यांनी विचारलं, मंजुरीशिवाय शिकवणार? पगाराचं काय? म्हटलं, माझा सातवीचा चालूच आहे, आठवीचे तास वरून घेईन. म्हणाले, "तुझी सिस्टर तुला वेडी करणार." मग स्वतःच मिलमधून आणलेल्या खिळ्यांची पुडी काढून दिली. फळ्याला खिळे नाहीत हे सकाळी मीच बोलले असणार.

१२ जून, सोम.

आठवी भरली. बाकं सगळी भरली नाहीत, पण वर्ग वर्गासारखा दिसला. लक्ष्मी नव्हती. हजेरी घेतली, मराठीचा धडा काढला, लक्ष दाराकडं.

दुसऱ्या तासाला आली. मागे नरसय्या, काखेत सूप. पानं भिजवून, पुरचुंडी बांधून. म्हणाले, "मधल्या सुट्टीत वळंल. घरचं काम थांबाय नको. चालंल का?" मला संताप आला. नाही म्हणणार होते, शब्द ओठावर होता. सि. मागून आल्या. "चालेल. या, मुली." मी सूप घेतलं आणि भांड्यांच्या जुन्या कपाटावर ठेवलं, दोन्ही हातांनी, जरा जोरातच.

मधली सुट्टी झाली. लक्ष्मी अंगणात लंगडी खेळली. सुपाची आठवण मी करून दिली नाही. सि.नीही नाही. दुपारी बीजगणित सुरू केलं, तिनं क्ष कशाला मानायचा ते विचारलं, मग मी विचारायच्या आत तिनंच उत्तर दिलं.

शाळा सुटली, पोरी गेल्या. कुलूप लावायला आले तर सूप तिथंच, कपाटावर, पुरचुंडी न सोडलेली. विसरली की मुद्दाम ठेवून गेली, कोण जाणे. घरी काय सांगेल? नरसय्या उद्या काय म्हणतील? पानं वाळू नयेत म्हणून पुरचुंडीवर पाणी शिंपडलं. सूप खाली मात्र काढलं नाही.