स्टार्टरकडे जाणारी वाट

प्रिय रविराज,

फोनवर तू दिपालीचं विचारतोस आणि मी "ती बरी आहे" एवढंच म्हणते. ती शेजारीच उभी असते, म्हणून आज लिहून सांगते.

तुझी बायको दुपारी दार लोटून इस्त्री करते. कपडा मात्र एकही बाहेर येत नाही. परवा मोरीच्या फरशीवर तपकिरी डाग दिसले. "चहा सांडला, आत्या," म्हणाली. चहाचे डाग मी जन्मभर घासलेत, हे निघेनात. शेजारची गोजरबाई म्हणालीच, "सून लाईटचं मीटर मागं फिरवायचं शिकली व्हय गं?" तिला मी गप्प केलं. मीटरची नाही, विजेचं काही करतेय म्हटल्यावर मला ऑटोची भीती वाटली.

त्या दिवशीही लाईट नव्हती म्हणून तुझे अण्णा विहिरीवर मोटारीची वायर जोडत होते. स्टार्टरला ऑटो तसाच लावलेला. लाईट आली आणि त्याने आपोआप मोटार चालू केली. अण्णांच्या दहाव्याला तू शब्द दिलास, या घरात पुन्हा ऑटो नाही.

काल मी दार ढकलून आत गेलेच. प्लास्टिकच्या ताटात तपकिरी पाणी, त्यात तळहाताएवढी पाटी. दिपाली दचकली, मग सांगू लागली. पाटीवर तांबं असतं. कागदावरची शाई इस्त्रीने त्यावर उतरवायची. ते पाणी उघडं तांबं खातं, शाईखालचं राहतं. त्या उरलेल्या तांब्याच्या वाटांनी वीज फिरते. "लाईट आली की घरात नुसती शिट्टी वाजंल, आत्या. मोटारीचं बटन तुमीच जाऊन दाबायचं."

तिने पाटी धुऊन पुसून माझ्या हातात दिली. अक्षरं मी बोट ठेवून शिकले, तशीच ती पाटी वाचली. एक वाट शिट्टीकडे गेली. दुसरी कडेला दोन भोकांपाशी थांबली. ही कुठं जाते गं? "असू द्या, पुढं लागली तर." पुढं स्टार्टरच आहे, म्हणजे पुन्हा ऑटोच, एवढं मला कळतं. तुला हे सांगितलं कुणी, असं विचारलं तर तिने ब्लेड पुढं केलं. "तुमीच खरवडा." तांबं जाईपर्यंत मी खरवडलं.

तिने कुणाचं नाव घेतलं नाही. नवऱ्याला झाकणं मलाही ठाऊक आहे. म्हणून तुलाच विचारते, ती दुसरी वाट तू ठेवायला लावलीस का? उत्तर फोनवर देऊ नकोस, तिथं तुझं तोंड दिसत नाही. रविवारी ये आणि माझ्यासमोर बसून सांग.

तुझीच,
आई