पस्तीस इंची टायर

स्लेट ब्रांच,
२३ ऑक्टोबर १९९४, रविवार

प्रिय नोलाताई,

तुझं पत्र क्लेलकाकांच्या दुकानावर पोचलं. नेहमीसारखा मागच्या खोलीत ट्यूबांच्या ढिगाआड बसलो आणि दोनदा वाचलं. बेकरीतलं काम टिकलं आहे, खोलीला ऊन येतं, हे वाचून बरं वाटलं. डाव्या कानाला आता कितपत ऐकू येतं ते मात्र तू लिहिलं नाहीस. ते लिहायला हवं होतंस.

इकडे सगळं ठीक आहे. आईच्या थडग्यावरचं गवत पाऊस थांबल्यावर कापलं. थंडी पडू लागली तशी क्लेलकाकांच्या गुडघ्याची तक्रार सुरू झाली आहे, पण दुकान बंद ठेवत नाहीत. मी सध्या त्यांच्याच घरी राहतो. काकू रोज मक्याचा पाव ताकात कुस्करून देते. चमच्याने खायला सोपं जातं.

अक्षर बघून दचकू नकोस. टेबल हलतं आणि पेनही धड नाही. शुद्धलेखन मात्र तपासलं आहे. तू स्वयंपाकघरात बसवून शिकवलेलं विसरलेलो नाही.

आता तू विचारलेलं. तिकडे बर्फ फार पडतं, म्हणून तुझ्या छोट्या पिकअपला मोठे टायर घालावेत का? टायरवाला तुला दोन साइज मोठे घ्यायला सांगतो आहे. त्याला ते विकायचे आहेत. मला काही विकायचं नाही, म्हणून माझं ऐक.

मोठ्या टायरने गाडी उंच होते. बर्फात, चिखलात पोट टेकत नाही. पण त्याची किंमत पाच ठिकाणी द्यावी लागते. टायर मोठा म्हणजे एका फेरीत गाडी जास्त पुढे जाते, पण वेगाच्या काट्याला ते कळत नाही, तो जुनाच हिशेब दाखवतो. तुला वाटेल पन्नासने चालले आहे, आणि प्रत्यक्षात गाडी त्याहून जोरात असेल. चाक जड झालं की ब्रेकही उशिरा लागतो. गाडी पेट्रोल जास्त पिते. इंजिनाला तर नेहमीच एक गिअर वर चालवल्यासारखं वाटतं, ओढ कमी होते. आणि रुंद टायर बर्फावर तरंगतो. अरुंद असेल तर बर्फ कापून खालच्या रस्त्याला जाऊन भिडतो. म्हणून घ्यायचेच असतील तर एकच साइज मोठे घे, अरुंद आणि खोल नक्षीचे. स्टेपनीही त्याच मापाची ठेव.

सहावी गोष्ट राहिली. स्टीअरिंग पूर्ण वळवलं की मोठा टायर आतल्या लोखंडाला घासतो. मूळ टायरला तिथे मोकळी जागा असते. माणसाचा हात सहज जाईल एवढी. मोठ्या टायरबरोबर ती जागा जाते.

हे लिहून मी थोडा वेळ थांबलो होतो. काकूने कॉफी आणून दिली.

ताई, डॉइलबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो. तू पत्रात त्याचं नाव काढत नाहीस, मीही काढत नाही, ते बरं होतं. पण आता लिहावं लागेल, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

सप्टेंबरच्या शेवटी तो दुकानावर आला. बाहेर बाकावर पाचसहा माणसं बसली होती. तू त्याचं घर सोडून गेल्यापासून तुझा ठावठिकाणा मला माहीत आहे हे त्याला माहीत आहे. आजवर तो दारू प्यायल्यावर येऊन दगड मारून जायचा, एकदा दुकानाच्या पाटीवर गोळी झाडली. या वेळी शुद्धीत होता. मला चिडवायचं नेहमीचं नाव घेऊन सगळ्यांसमोर म्हणाला, "काय मास्तर, ओढ लावायची का? मी जिंकलो तर तू मला तिचा पत्ता द्यायचा. हरलो तर पुन्हा तिचं नाव काढणार नाही."

ओढ म्हणजे काय ते तुला सांगायला नको. पण तू गेल्यापासून ओढीही वाढल्या आहेत. ओढ्याकाठच्या चिखलात दोन गाड्या पाठीला पाठ लावून उभ्या करतात, मध्ये साखळी, आणि चुन्याची रेघ. आपल्याकडे कोर्टात जाऊन मिटत नाही ते तिथे मिटतं. चार माणसांसमोर दिलेला शब्द तिथे पाळला जातो. निदान आजवर पाळला गेला होता. मी नाही म्हणालो असतो तर तो म्हणाला असता, बहिणीचा पत्ता राखायलाही हिंमत नाही. तेही मी सोसलं असतं. पण हरल्यावर तो कायमचा गप्प बसेल, हा मोह मला आवरला नाही. मी हो म्हणालो, ताई. तुला न विचारता तुझा पत्ता पणाला लावला.

दुसऱ्या दिवशी तो पस्तीस इंची टायर घालायला आमच्याच दुकानात आला. दुसरं टायरचं दुकान आहे कुठे? क्लेलकाका म्हणाले, घालून दे, गिऱ्हाईक आहे. त्याने मला विचारलं, एवढे पुरतील का. मी खरं ते सांगितलं. म्हणालो, एवढे घालायचे तर मागच्या ॲक्सलमधले गिअर बदलावे लागतील, नाहीतर तुमची ओढ कमी होईल. क्लच जळेल. रुंद टायर चिखलावर तरंगेल. आणि पूर्ण वळवल्यावर आत घासेल.

तो हसला. म्हणाला, "मला हरवायला बघतोस होय रे? सगळ्यात मोठे असतील तेच काढ."

मी काढले. नट समोरासमोरचे धरून नीट आवळले, प्रत्येक दोनदा तपासला. क्लेलकाका नंतर मला म्हणाले, शत्रूला खरं का सांगितलंस? मी म्हणालो, त्याने विचारलं होतं. काका मान हलवत आत गेले.

बाबांच्या गाडीला मी एकतीस इंची घातले, अरुंद. हवा निम्मी काढली. मागच्या ॲक्सलच्या वर वाळूची पोती रचली आणि बांधली, सरकू नयेत म्हणून. रात्री झोप लागत नव्हती, तेव्हा उठून पोती पुन्हा बांधत होतो.

ओढीच्या दिवशी अर्धी दरी जमली होती. आपल्या रिवाजाप्रमाणे मी त्याच्या गाडीला साखळी लावली, त्याने माझ्या. झेंडा पडला आणि साखळी ताणली. सुरुवातीला त्याने मला हातभर मागे ओढलं. माझे पाय ब्रेकवर जायला बघत होते. मग त्याची चाकं फिरू लागली. नुसतीच फिरत होती, वर चिखल उडवत, आणि गाडी होती तिथेच. माझी चाकं मात्र हळूहळू खाली गेली, आणि खालच्या खडीला लागली तेव्हा मला बसल्या जागी कळलं. त्याच्या क्लचच्या जळण्याचा वास माझ्या गाडीत आला. मी पहिल्या गिअरमध्ये, इंजिन न ओरडवता, त्याला रेघेपलीकडे नेलं.

इथवर सगळं ठीक होतं. यापुढची चूक माझी.

हरलेल्याने चिखलात गुडघे टेकून साखळी सोडवायची, आणि जिंकलेल्याने गाडीत बसून राहायचं, मागे वळून बघायचंही नाही. तुला माहीत आहे. मलाही माहीत होतं. पण साखळी इतकी ताणली होती की हूक रुतून बसला होता. आरशात मला त्याची बोटं दिसत होती. नखातून रक्त येत होतं. मला ते बघवेना. मी गाडी थोडी मागे घेतली, साखळी ढिली केली, आणि खाली उतरलो. त्याच्या शेजारी बसलो आणि हूक काढून दिला.

कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. कोणीतरी म्हणालं, "डॉइल, मास्तरला तुला दूध पाजायलाही सांग." डॉइलने माझ्याकडे पाहिलं नाही. तो उठला, गुडघ्याचा चिखलही न झटकता गाडीत बसला. मी हरलो असतो तर त्याने मला मारलं असतं. जिंकून गाडीत बसून राहिलो असतो तर कदाचित त्याने शब्द पाळला असता. मी त्याला मदत केली, ते त्याला सोसलं नाही.

ओढीनंतरच्या मंगळवारी, चार ऑक्टोबरला, दुपारी तो दुकानावर आला. क्लेलकाका जेवायला घरी गेले होते. अगदी शांत बोलत होता. म्हणाला, तू म्हणालास तसं झालं, उजवीकडे पूर्ण वळवलं की घासतं, जरा बघ. इंजिन चालूच होतं. मला वाटलं, माणूस सुधारला. माझंच म्हणणं खरं ठरलं म्हणून मला बरंही वाटलं, ताई, हे मी लपवत नाही.

मी टायर आणि आतल्या लोखंडाच्या मधल्या फटीत हात घातला, कुठे घासतंय ते बोटांनी चाचपायला. त्याने स्टीअरिंग फिरवलं.

टायर आला आणि हात लोखंडावर दाबला गेला. तो थांबला नाही, शेवटपर्यंत फिरवलं. मनगटापासून एकेक हाड वाजलेलं मला ऐकू आलं. मग त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सिगारेट मागावी तशा आवाजात विचारलं, "पत्ता?"

मी ओरडलो. तो म्हणाला, "ओरड, पण मध्ये मध्ये पत्ता सांग." आणि स्टीअरिंग थोडं सैल करून पुन्हा आवळलं.

तुझा पत्ता माझ्या तोंडात आला होता. रस्ता, घराचा नंबर, खालचा न्हाव्याचा बोर्ड, सगळं. मी तोंड दुसऱ्या कशाने तरी भरलं. मोठमोठ्याने टायरचे साइज म्हणू लागलो. भिंतीवर लावलेत त्या क्रमाने, लहानापासून मोठ्यापर्यंत, आणि संपले की पुन्हा पहिल्यापासून. त्याला वाटलं मला वेड लागलं. तो हसला आणि म्हणाला, "तिच्या कानाला एकच थप्पड पुरली होती. तू चिवट निघालास."

किती वेळ ते माहीत नाही. क्लेलकाका परत आले. त्यांनी आधी त्याला हाक मारली. मग आत जाऊन बंदूक आणली आणि टायरवर झाडली. पस्तीस इंची टायर, ताई. एका बाजूला बसला, ढिला पडला, आणि माझा हात सुटला. मी जमिनीवर पडलो तेव्हा हात माझ्याबरोबर आला, एवढंच मला बघायचं होतं.

डॉइल गाडीतून उतरला. फुटलेल्या टायरला लाथ मारली. काकांची बंदूक त्याच्या छातीवर होती तरी माझ्याजवळ वाकून म्हणाला, "डावा अजून आहे ना? बरा हो. येतो मी." आणि पायी चालत गेला.

दवाखान्यात मी जॅक घसरला म्हणून सांगितलं. पोलिसांत गेलो तर कारण विचारतील, कारण सांगितलं तर तुझं नाव येईल, आणि त्या कचेरीत त्याचा मावसभाऊ बसतो. उजव्या हाताची तीन बोटं ठेवता आली नाहीत. बाकीची दोन वाकत नाहीत. हे पत्र डाव्या हाताने लिहिलं आहे. टेबल हलत नाही. पेनही चांगलं आहे. रोज काकूच्या जुन्या वाणसामानाच्या पिशव्यांवर अक्षरं गिरवतो आहे, तू मला गिरवायला लावायचीस तशी.

रडू नकोस. आता नीट वाच.

टायरबद्दल वर लिहिलं ते रद्द समज. मोठे घालू नकोस. बर्फात अडकलीस तर कोणी ना कोणी ढकलेल. तुला आता रस्ता घट्ट धरणारी गाडी नको, लांब जाणारी हवी. आहेत तेच लहान टायर ठेव, हवा भरपूर भर, म्हणजे एका टाकीत जास्तीत जास्त जाशील. स्टेपनीही तपास. आणि हे पत्र मिळालं की आठवड्याच्या आत ती खोली सोड. बेकरीत कोणाला सांगू नकोस. कुठल्या दिशेला जायचं ते मी सुचवणार नाही, तू पेट्रोल भरल्यावर ठरव.

नवीन पत्ता मला कळवू नकोस. क्लेलकाकांनाही नको. मला खूप वाटेल, मी दुकानात टपालवाल्याची वाट बघेन, तरी कळवू नकोस. उजव्या हाताने मी तुझा पत्ता राखला. डाव्याचं मी सांगू शकत नाही. हातांशिवाय टायर बदलता येत नाही, लिहिताही येत नाही, आणि मी भित्रा आहे, ते तुला लहानपणापासून माहीत आहे. मला माहीतच नसेल तर त्याला काय देणार?

तो परत येईल तेव्हा मी खरं तेच सांगेन. म्हणेन, मला माहीत नाही. मला खोटं बोलताना घाम फुटतो, आणि तो ते ओळखतो. या वेळी घाम फुटणार नाही.

कानाच्या डॉक्टरकडे जा. उजव्या कुशीवर झोपलीस तर चांगला कान उशीत दबतो आणि कोणी दार वाजवलेलं ऐकू येणार नाही, म्हणून डाव्या कुशीवर झोपत जा.

काकू म्हणाली, पाकिटावरचा पत्ता मी घालते, तुझं अक्षर वेडंवाकडं येतंय. मी नको म्हणालो. तो मीच घालणार आहे, सावकाश, एकेक अक्षर सरळ. आज लिहीन तो शेवटचा. उद्यापासून विसरायला लागेन.

तुझा धाकटा भाऊ,
व्हर्लिन