राखी कोंबड्याची पिसं

कॅटस्किल, एप्रिल १९५४

प्रिय कोरा,

वाचून झालं की हे पत्र फाडून टाक आणि आईला यातलं एक अक्षरही कळवू नकोस. डोंगरातलं बर्फ वितळलंय, नदी भरून वाहतेय, शहरातले मासेमारीचे शौकीन यायला लागतील. मी ठीक आहे. निदान विचारणाऱ्यांना तसं सांगतो.

भानगड सुरू झाली आपल्या राखी कोंबड्यापासून. त्याच्या मानेची पिसं कशी ताठ, चकचकीत, तुला माहीत आहे. मासेमारीच्या गळाभोवती गुंडाळून नकली माशी बांधली की ती पाण्यावर अलगद उभी राहते आणि ट्राउट मासा फसतो. मार्चपासून त्याची मान विरळ दिसायला लागली. मी तर एवढी उपटली नव्हती. आणि कोल्ह्याने नुसती पिसं नेली नसती.

मग एकदा माझ्या माश्या विकणाऱ्या व्हर्जिल डेकरच्या दुकानात गेलो. काचेखाली माझ्या नावाची डबी. त्यातली एक माशी उचलली. पंख सरळ, पिसाचे वेढे एकाला एक लागून. कोरा, ती मी बांधलेली नव्हती. स्वतःचं काम माणूस ओळखतो.

"माझ्या नावावर कुणाचा माल खपवतोस रे?" मी विचारलं.

"तुझ्याच घरून येतो की. लिओना आणून देते," असं म्हणून व्हर्जिल लाल झाला आणि काउंटर पुसायला लागला. नुकताच पुसलेला काउंटर!

माझं डोकंच फिरलं. तुझी आई दर शनिवारी डबी द्यायला जाते ती निळा स्कार्फ बांधून, आणि परत येते गुणगुणत. व्हर्जिल विधुर. हसू नकोस, पण इतक्या वर्षांच्या संसारानंतर मी तिच्या कोटाचा वास घेऊन पाहिला. जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय म्हणतो व्हर्जिल?"

"म्हणतो, तुझ्या नवऱ्याचं काहीतरी बिनसलंय. बटाटे घे."

बुधवारी नदीवर जातो सांगून निघालो आणि खुराड्यामागून परत आलो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. ती माझ्या खुर्चीत बसली होती, गळ पकडायच्या माझ्या चापासमोर. सकाळी मी बांधलेली माशी तिने पाण्याच्या वाडग्यात टाकली. बुडाली. दुसरी टाकली, तीही बुडाली. मग ब्लेडने तिने माझे सगळे वेढे कापले, गळ मोकळा केला आणि त्याच गळावर नवी माशी बांधायला घेतली. मेण लावलेला धागा, राखी पीस, कसली घाई नाही. तिची माशी वाडग्यात तरंगत राहिली.

माझे हात थरथरतात, पोरी. डॉक्टरांनी हिवाळ्यातच सांगितलं होतं. तिला कळलं नाही, अशा समजुतीत मी होतो.

संशय अजून गेलेला नाही, फक्त आता तो तुझ्यावर आहे. पीस ओढून धरायची तिची तऱ्हा हुबेहूब तुझी, लहानपणी माझ्याशेजारी बसून तू शिकलेली. नाताळात तुम्ही दोघी दार लावून केक करत होता म्हणे. तो केक कुणी खाल्ला?

असो. शहरातल्या मच्छीमार मंडळाने मला मे महिन्यात बोलावलंय, सगळ्यांसमोर बसून माशी बांधून दाखवायला. मी त्यांना कळवून टाकलं, की डबीवर नाव माझं असलं तरी माश्या माझी बायको बांधते, तीच येईल. तिला अजून पत्ता नाही. कळलं की घर डोक्यावर घेईल आणि माझं काही ऐकायची नाही. तुझं ऐकते. म्हणून लिहितोय. तिने "नाही" म्हणायच्या आत ये.

तुझाच,
बाबा