फाइन म्हणजे बारीक

शुक्रवार, १२ जानेवारी १९६८, कोंडाणे

कर्जतच्या कचेरीने मामंजींनी सरकारी खरेदीसाठी दिलेल्या तांदळाच्या नमुन्याच्या चिठ्ठीवर लाल शाईत 'फाइन' लिहून दिलं. शिळफाट्याचा दुकानदार म्हणाला, म्हणजे दंड. तीन दिवस मामंजी धड जेवले नाहीत. आज चिठ्ठी माझ्या हातात आली.

"दंड नाय मामंजी, तांदूळ बारीक हाय असं लिवलंय."

"एका शब्दाचे दोन अर्थ कसे गं?"

"छान असा तिसरापन हाय."

लाल शाई बघून कोणीही घाबरेल. पण मला खात्री होती. लग्नामुळे शाळा नववीत सुटली, म्हणून इंग्रजी थोडंच विसरले? मग आम्ही दोघं कचेरीत गेलो, तर साहेबही 'बारीक'च म्हणाले. घरी परतलो तेव्हा मामंजी दारात थांबून म्हणाले, "मॅट्रिकचा फॉर्म कुठं मिळतो गं?"